शालीतलं सवाई

‘सवाई ८४, तिसरी रात्र, पहाट.’ कव्हरवर शिसपेन्सिलीनं एवढंच. गाणाऱ्याचं नाव नाही. ते आपण कधी विसरू, असं लिहिणाऱ्याला वाटलंच नसणार. कॅसेट लावली की तंबोऱ्यांच्या आधी खोकला ऐकू येतो, मग थर्मासचं झाकण, मग कुणाचं तरी “अहो, बसा की खाली!”

सवाई गंधर्व गेले १९५२मध्ये. पुढच्याच वर्षी भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ महोत्सव सुरू केला. पुण्याच्या रमणबागेत तर तो वर्षानुवर्षं भरला. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहाची वेस घातली, त्याआधी मैफली उजाडेपर्यंत चालत. भारतीय बैठकीत शाली पांघरून बसलेल्या एखाद्याच्या शालीखाली टेपरेकॉर्डर असे. अमेरिकेत ‘ग्रेटफुल डेड’ या रॉक बँडनं १९८४मध्ये ध्वनिमुद्रण करणाऱ्या रसिकांसाठी बसायची वेगळी जागाच करून दिली. आपल्याकडे जागा नव्हती, शाल होती. (ही चोरी का, असं कुणी विचारलं तर सांगतो, कलाकाराच्या सादरीकरणावर त्याचा हक्क आपल्या कॉपीराइट कायद्यात आला तो १९९४च्या दुरुस्तीनं. त्याआधीचा प्रश्न सभ्यतेचा.)

आज अशी कॅसेट हाती आली की लोक आधी विचारतात, “आवाज स्वच्छ आहे का?” माझा पहिला प्रश्न वेगळा असतो : पट्टी बरोबर आहे का?

बॅटरी उतरली की मुद्रणाच्या वेळी टेप मंद फिरते. तीच कॅसेट घरी नीट वेगानं वाजवली की गाणं पळतं आणि चढतं. काळी एकमध्ये गाणारा गवई पांढरी दोनमध्ये ऐकू आला, तर टेप सुमारे सहा टक्के पळते आहे. पंचेचाळीस मिनिटांचं गाणं साडेबेचाळीस मिनिटांत उरकतं, तान चपळ होते, आवाज दहा वर्षांनी तरुण. काही बुजुर्गांच्या ‘अचाट’ द्रुत तानांचं श्रेय मरणाऱ्या बॅटरीला द्यावं लागेल, असा माझा जुना संशय आहे.

परदेशी संग्राहक टेपमध्ये शिरलेली विजेची घूं मोजून वेग ठरवतात. आपली वीज पन्नास हर्ट्झची, तेव्हा घूं त्रेपन्नला भरली की टेप सहा टक्के पुढे. पण त्या काळात आपल्याकडची वीज स्वतःच पन्नासवर टिकत नसे, कधी अठ्ठेचाळीसपर्यंत उतरे. म्हणून मी शेजारी पेटी घेऊन बसतो. गवयाची नेहमीची पट्टी ठाऊक असली तर षड्ज जुळवायचा. आणि कॅसेटच्या सुरुवातीला जुळलेला षड्ज चाळीस मिनिटांनी पेटीच्या वर गेला, तर दोष गवयाचा नाही, सेलचा.

उरलेलं सोपं. नकलेच्या नकलेत खरखर साचत जाते, ते पाच मिनिटांत कळतं. दोन कॅसेटी जोडून एक केली असेल तर सांध्यावर षड्ज केसभर हलतो, कारण दोन यंत्रं एका वेगानं कधीच चालत नाहीत. आणि सफाईच्या हौसेपायी कुणी तंबोरे लावणं, दाद, खोकला कापून टाकला असेल, तर ती प्रत माझ्या लेखी खालच्या दर्जाची. मांडव कापून नुसतं गाणं ठेवायचं, तर स्टुडिओतली तबकडी काय वाईट?

सी-९०ची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. बडा ख्याल त्या हिशेबानं चालत नाही. माझ्या ८४च्या कॅसेटीत गवई अंतऱ्याकडे निघतो, मुखडा उचलतो, आणि खट्. दुसऱ्या बाजूला अंतरा अर्धा उलटलेला. त्याआधी मायक्रोफोनला अगदी चिकटून दोन कुजबुजते आवाज :

“लागली का रे?”

“लागली. गप.”