कातळ, घसारा आणि बुटांचा एकच जोड

पावसाळ्यातल्या कुठल्याही रविवारी पहाटे अकोले तालुक्यातल्या बारी गावात उभं राहावं आणि कळसूबाईच्या वाटेला लागलेल्या गर्दीचे नुसते पाय बघावेत. जिममधले पांढरे बूट, कॉलेजातल्या फ्लोटर, हिमालयासाठी घेतलेले घोट्याच्या वर जाणारे जड बूट, एखाद्याच्या पायात चक्क क्रॉक्स. आणि या सगळ्यांना बाजूला सारत पाण्याच्या बाटल्यांचं खोकं डोक्यावर घेऊन निघालेला गावकरी. त्याच्या पायात रबरी चप्पल, नाहीतर बाजारातला प्लास्टिकचा बूट. शिड्यांच्या टप्प्यापर्यंत तो सगळ्यांना मागे टाकतो. हे बघून आलेला शहरी माणूस पुढे वर्षभर सांगत सुटतो, ‘‘बुटात काही नसतं हो, सवय पाहिजे!’’

यातलं अर्धंच खरं. त्या गावकऱ्याला वाटेवरचा दगड न् दगड ठाऊक असतो. पाऊल कुठे टेकायचं, किती भार द्यायचा, हे त्याच्या पायांनी लहानपणीच शिकून घेतलेलं असतं. आठवडाभर खुर्चीत बसून शनिवारी रात्री गाडीत बसणाऱ्याला ती सोय नाही. त्याला बूट निवडावाच लागतो. आणि अहिल्यानगर जिल्ह्याच्या या पश्चिम टोकाला तो निवडणं वाटतं तितकं सोपं नाही.

कळसूबाई (1646 मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर), रतनगड, हरिश्चंद्रगड, साम्रदची सांधण दरी असा हा सगळा मुलूख. त्यातला बराचसा भाग 1986 साली जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. इथला दगड बेसॉल्ट, म्हणजे लाव्हाचे थर एकावर एक साचून झालेला. हे थर सारखे नाहीत. काही अभेद्य कठीण. तिथे उभे कडे होतात, आणि पूर्वजांनी खोदलेल्या पायऱ्या नि खोबण्या आजही तशाच टिकतात. काही थर सच्छिद्र, लवकर कुजणारे. त्यांचा मुरूम होतो. एका कातळटप्प्यावरून वर आलात की पुढचं पाऊल मुरमाच्या घसाऱ्यावर पडतं, त्याच्यापुढे पुन्हा कातळ. दिवसभर हाच खेळ.

बुटाची पंचाईत इथेच होते. कातळावर रबर जितकं जास्त टेकेल तितकं बरं. मऊ रबर दगडाच्या खरबरीत पृष्ठभागात दबून बसतं आणि पकड घेतं. म्हणून कातळारोहणाच्या बुटाचा सोल अगदी सपाट असतो, त्याला नक्षीच नसते. घसाऱ्यावर आणि चिखलात मात्र सपाट सोल म्हणजे घसरगुंडी. तिथे खोल, एकमेकांपासून दूर असलेले स्टड लागतात, मुरमात रुतणारे, चिखल धरून न ठेवणारे. तेच खोल स्टड कातळावर गेले की फक्त टोकांवर उभे राहतात, आणि अरुंद खोबणीत पंजा टेकवला तर भाराखाली वाकतात. ज्यानं हे अनुभवलंय त्याला त्या क्षणी पोटात येणारा गोळा वेगळा सांगायला नको. ट्रेकर मंडळी त्याला दृष्टीभय म्हणतात, पण अर्धी भीती डोळ्यांतून येते आणि अर्धी बुटातून.

हा पेच नवा नाही. आल्प्समधले जुने गिर्यारोहक चालण्यासाठी खिळे ठोकलेले जड बूट वापरत आणि खडक चढायची वेळ आली की कापडी किंवा नमद्याच्या तळाचे हलके जोडे घालत. 1935 मध्ये इटलीतल्या पुंता रासिका शिखरावर अशा हलक्या जोड्यांनिशी गेलेली एक तुकडी वादळात अडकली आणि तिच्यातले सहा जण दगावले. त्या मोहिमेत असलेले विताले ब्रामानी यांनी मग चालायलाही चालेल आणि खडकावरही धरेल असा रबरी सोल करायचं मनावर घेतलं. टायर बनवणाऱ्या पिरेल्लीची मदत मिळाली आणि 1937 मध्ये तो सोल आला. त्यांच्या नावातली आणि आडनावातली पहिली अक्षरं जोडून झालेलं ‘विब्रम’ हे नाव आज शेकडो बुटांच्या तळाला पिवळ्या अष्टकोनात दिसतं. 1954 मध्ये के-टू पहिल्यांदा सर करणाऱ्या इटालियनांच्या पायात हेच सोल होते. पुढे 1985 मध्ये अमेरिकेत चार्ल्स कोल यांनी फाइव्ह टेन ही कंपनी काढली आणि चिकट रबराचा सोल साध्या चालायच्या बुटाला लावला. कड्याच्या पायथ्यापर्यंत चालत जा आणि त्याच बुटानं सोपा कातळ चढा, असा तो हिशेब. दुकानात आज ‘ॲप्रोच शूज’ म्हणून मिळतात ते याच जातीचे.

बर्फावरच्या स्नोबोर्डवाल्यांनाही असंच कोडं सोडवावं लागतं. गुलमर्गच्या उतारावर फळीची कड बर्फात रुतवून मोठी, वेगवान वळणं घ्यायची तर फळी ताठ हवी, लांब कडेची हवी आणि जमिनीवर ठेवल्यावर मधे थोडी उचललेली हवी. उड्या मारायच्या, लोखंडी दांड्यांवरून घसरत जायचं तर आखूड, लवचीक आणि दोन्ही टोकांना अगदी सारखी असलेली बरी, म्हणजे उलट दिशेनंही उतरता येतं. दोन्ही हौशी असलेला माणूस मधल्या ताठपणाची फळी घेतो. पायांखाली उचललेली, टोकांना किंचित वर वळलेली. दोन्हीकडे थोडं गमावतो, पण फळी बदलायला खोलीवर परतत नाही.

सह्याद्रीतही शहाणपण मधल्या वाटेचंच आहे, फक्त मध्य नेमका कुठे धरायचा हे कळलं पाहिजे. माझं मत विचाराल तर रबराच्या मऊपणात तडजोड नको, स्टडच्या खोलीत करावी. चार मिलिमीटरच्या आसपासचे, टोकाला सपाट असलेले स्टड पुरतात. अंगठ्याखाली, सोलच्या अगदी पुढच्या कडेला बोटभर जागा नक्षीविना सपाट असेल तर उत्तम, कारण खोबणीत जातो तो तेवढाच भाग. टाचेला पुढच्या बाजूनं काटकोनात कापलेली कड असावी. उतरताना घसाऱ्यात टाच रोवली की ती कड ब्रेकचं काम करते. टाच आणि पंजा एकसलग असलेले जॉगिंगचे बूट इथेच दगा देतात. दुकानात उभ्या उभ्या दोन गोष्टी करून बघाव्यात. नख सोलमध्ये दाबा. खूण उमटून हळूहळू भरून आली तर रबर मऊ आहे, नख नुसतं घसरलं तर तो सोल ओल्या कातळावर साबणासारखा वागणार. मग बूट दोन्ही हातांत धरून पिळा. चिंधीसारखा पिळला गेला तर छोट्या कडेवर पाय थरथरेल, मुळीच हलला नाही तर कातळाची जाण पायाला होणार नाही.

मऊ रबराचा तोटा एकच, ते डांबरी रस्त्यावर भराभर झिजतं. म्हणून ट्रेकचा बूट घालून ऑफिसला जाऊ नये. मराठी ट्रेकर्सच्या दोन पिढ्यांनी ॲक्शन कंपनीचे ट्रेकिंगचे बूट डोक्यावर घेतले ते परवडतात म्हणून आणि त्यांचं रबर आपल्या कातळाला धरतं म्हणून. दिसायला ते शाळकरी पोराचे वाटतात, आणि त्यावरून नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात. पाचनईच्या वाटेनं हरिश्चंद्रगडावर जायला त्याहून भारी काही लागतही नाही.

वाट कोणती, यावर बराच फरक पडतो. तोलार खिंडीकडून गडावर चढताना रेलिंग लावलेला कातळटप्पा आहे. कोरड्या दिवसांत मऊ रबर तिथे दगडाला चिकटल्यासारखं वाटतं. बेलपाड्याहून गडाच्याच कोकणकड्याच्या कुशीतून वर येणारी नळीची वाट म्हणजे धोंडे आणि घसारा, तिथे स्टड नसतील तर तीन पावलं वर आणि दोन खाली. रतनवाडीहून कात्राबाईची खिंड ओलांडून हरिश्चंद्रगड गाठायचा असेल तर कातळापेक्षा चालच जास्त, म्हणून तळपायाखालच्या गादीला महत्त्व. आणि सांधणीत पाण्यानं पिढ्यान्‌पिढ्या घासलेले गुळगुळीत धोंडे. तिथे मधेच गुडघ्याच्या वर पाण्यातून जावं लागतं, आणि बाहेर आल्यावर ओल्या सोलनं पुन्हा त्याच धोंड्यांवर उड्या मारायच्या असतात.

महिनाही बघावा लागतो. पावसात शेवाळ धरलेल्या कातळावर जगातलं कुठलंही रबर चालत नाही, हे आधीच मान्य करून टाकावं आणि टेकायला दगडाची कोरडी, खरबरीत बाजू शोधावी. नोव्हेंबरनंतर गवत वाळून उताराच्या दिशेनं आडवं पडतं. दिसायला गादी, पण त्याच्यावर पाय टाकणं म्हणजे शेवाळाहून वाईट; तिथे फक्त टाचेची कड कामाला येते, तीही माती लागली तर.

आता महागड्या चुकांबद्दल. पहिली, वॉटरप्रूफ बूट. बर्फात त्यांचं काम चोख असतं. घाटघर-रतनवाडीच्या पावसात पाणी वरून, मोज्यांवरून, ओढ्यातून घोट्याच्या वर चढून आत येतं, आणि मग बुटातला पाणी अडवणारा पडदाच ते बाहेर जाऊ देत नाही. दिवसभर पाय पाण्यात शिजतात. त्यापेक्षा जाळीचा बूट, ज्यात पाणी शिरतं आणि चार पावलांत निघूनही जातं, तो परवडला. सुती मोजे मात्र घरीच ठेवावेत. दुसरी, घोट्याच्या वरचे बूट. पाठीवर मोठं ओझं असेल तर त्यांचा आधार वाटतो, पण कातळावर पंजा आडवा टेकवायचा तर घोटा मोकळा वळला पाहिजे. एक-दोन दिवसांच्या गडवाऱ्यांना कमी उंचीचाच बूट मला पटतो. मुलखाला साजेसं असणं म्हणजे काय, ते कळायला या भागातल्या डांगी बैलाकडे बघा. काळे, कमालीचे कठीण खूर आणि पावसाला दाद न देणारी तेलकट कातडी. राजूरच्या प्रदर्शनात त्याला मान मिळतो तो त्यामुळे. या मुलखाला काय लागतं हे त्याला घडवणाऱ्यांनी आपल्याआधी ओळखलं होतं.

माप संध्याकाळी घ्यावं, पाय तेव्हा थोडे फुगलेले असतात. ट्रेकचेच मोजे घालून उभं राहावं आणि पुढे अंगठ्याच्या नखाएवढी जागा उरते का ते बघावं. चढताना कुठलाही बूट बरा वाटतो, परीक्षा उतरताना. कळसूबाईच्या पायऱ्या उतरताना बोटं पुढे आदळत राहिली की आठवड्यानं अंगठ्याचं नख काळं पडतं आणि महिन्याभरात गळतं. वरच्या शेवटच्या भोकातून नाडीचा छोटा फास करून त्या फासातून समोरची नाडी ओवली की टाच जागेवर धरली जाते. पुष्कळ बुटांना ते जादा भोक असतं, आणि बहुतेकांची नाडी तिथे कधीच पोचलेली नसते.

राहता राहिला सोल सुटण्याचा प्रकार. चांगले, फारसे न वापरलेले बूट दोन-तीन वर्षं कपाटात राहतात, मालक खूश की अजून नवेच आहेत, आणि रतनगडाच्या अर्ध्या वाटेवर दोन्ही सोल जबड्यासारखे उघडतात. डिंक खराब होता म्हणून कंपनीला शिव्या पडतात. खरं कारण बहुधा वेगळं असतं. अनेक बुटांत सोल आणि वरचा भाग यांच्यामध्ये पॉलियुरेथेनचा थर असतो, आणि हवेतल्या दमटपणानं त्याची रासायनिक साखळी तुटत जाते. वरून काही दिसत नाही, आतून त्याचा भुगा होत असतो. वापरातला बूट वारा खातो. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकलेला दमट हवा कोंडून घेतो. ईव्हीए या फोमचा थर असा कुजत नाही, फक्त दबून पातळ होतो. खरेदी करताना हे विचारून घ्यावं. सांगणारा विक्रेता भेटला तर नशीब.

म्हणूनच जुनी मंडळी नवा बूट घरी नेण्याआधी चांभाराकडे थांबतात आणि सोल कडेनं शिवून घेतात. सोल आणि वरच्या भागाच्या कडेला दाभणानं भोकं पाडून मेण लावलेला जाड नायलॉनचा दोरा, दोन्ही बाजूंनी ओढून घट्ट. टाके सोलच्या खाचेत बसले पाहिजेत, नाहीतर पहिल्याच कातळावर दोरा घासून तुटतो. चांगला कारागीर हे न सांगता करतो. मधला थर कुजायचा तो कुजतोच, पण टाके असले तर सोल गाव येईपर्यंत पायाबरोबर येतो. शिवलेले नसतील तर सॅकमध्ये हातभर दोरी आणि कापडी चिकटपट्टी असावी, आणि चिकटपट्टी कोरड्या बुटालाच लावावी. ओल्याला ती धरत नाही.