धोटा झेलणारा पट्टा

इचलकरंजी, भिवंडी किंवा मालेगावच्या एखाद्या मिल स्टोअर्समध्ये उभे राहिलात, तर काउंटरमागच्या खिळ्यांना चामड्याचे आणि नायलॉनचे पट्टे जुड्यांनी लटकलेले दिसतील. काही दोन बोटे रुंद, काही तीन. काहींना टोकाशी भोके पाडलेली, काहींची टोके दुमडून शिवलेली. शेजारी चामड्याचे बफर, रबरी ठोकळे, पिकर, वॉशर. गिऱ्हाईक येते, पट्टा वाकवून पाहते, नखाने दाबते, दोन नग घेते आणि जाते. मागाच्या एकूण खर्चात ही खरेदी चहापाण्यात जिरून जावी इतकी किरकोळ. तरीही कापड नीट उतरणार की नाही, माग पाळीत किती वेळा बंद पडणार आणि आडवा धागा नेणारा धोटा पेटीत राहणार की उडणार, हे बऱ्याच अंशी हा पट्टा आणि त्याला धरून ठेवणारी कडी ठरवते.

यंत्रमागाची गोष्ट सांगताना धोटा कसा फेकला जातो याचेच वर्णन आजवर होत आले. तो झेलला कसा जातो, याकडे फारसे कुणी पाहत नाही. माझे मत असे, की यांत्रिक विणकामातले अवघड काम झेलण्याचेच आहे.

थोडा हिशेब करून पाहू. साध्या यंत्रमागावरचा लाकडी धोटा, सुताने भरलेल्या कांडीसह, सुमारे ४०० ग्रॅमचा धरा. माग मिनिटाला १६० फेकींनी चालत असेल, तर एका फेकीच्या वाट्याला ०.३७५ सेकंद येतो. त्यातला निम्म्याहून अधिक वेळ उभे धागे वर-खाली होण्यात आणि फणीने आडवा धागा ठोकण्यात जातो. धोट्याला या कडेहून त्या कडेला जायला उरतो सुमारे ०.१४ सेकंद. तेवढ्यात पावणेदोन-दोन मीटर अंतर कापायचे, म्हणजे वेग सेकंदाला १३ मीटरच्या आसपास, ताशी ४७ किलोमीटर. आणि थांबायला जागा किती? पलीकडच्या पेटीत वीतभर, फार तर २० सेंटिमीटर. तीन शतांश सेकंदात हा वेग शून्यावर आणायचा. गुरुत्वाकर्षणाच्या चाळीसपटीहून मोठा हा धक्का आहे. बारा तासांची पाळी अखंड चालली तर असे १,१५,२०० धक्के, दोन्ही बाजूंत वाटले तर प्रत्येक बाजूला ५७,६००. चामड्याचा एक पट्टा हे सहन करतो.

वेगाने आलेला चेंडू झेलताना क्षेत्ररक्षक हात चेंडूबरोबर थोडा मागे नेतो. हात ताठ ठेवला तर चेंडू उसळतो, बोटही दुखावते. हातमागावर हे काम विणकराचे मनगट करत असे. १७३३ साली लँकेशायरमधल्या बरी गावच्या जॉन के याने दोरीने फेकायच्या धोट्याचे पेटंट घेतले. दोन्ही बाजूंच्या पेट्यांतले, धोट्याला ढकलणारे पिकर एकाच मुठीला दोऱ्यांनी बांधलेले. विणकर मूठ झटकायचा, धोटा जायचा. झटका किती द्यायचा, हे अनुभवाने मनगटात मुरलेले असायचे, त्यामुळे धोटा पलीकडे पोचायचा तो वेग उतरलेल्या अवस्थेत. झेलण्याचा प्रश्न तिथे वेगळा उभाच राहिला नाही.

तो उभा राहिला मनगट काढून घेतल्यावर. एडमंड कार्टराइट हा इंग्लंडमधला धर्मोपदेशक. त्याने विणकर काम करताना कधी पाहिलेला नव्हता, आणि १७८५ साली त्याने यंत्रमागाचे पहिले पेटंट घेतले. त्या पहिल्या मागाविषयी त्यानेच पुढे लिहिले, की तो चालवायला दोन धट्टीकट्टी माणसे लागत आणि धोटा फेकणाऱ्या स्प्रिंगा काँग्रीव्ह रॉकेट उडवतील इतक्या जोरकस होत्या. (हे काँग्रीव्ह रॉकेट म्हणजे हैदर-टिपूच्या म्हैसुरी अग्निबाणांवरून इंग्रजांनी घडवलेले अस्त्र.) फेकण्याचा जोर कार्टराइटने पहिल्याच फटक्यात मिळवला होता. त्याचा माग व्यवहारात उतरवायला मात्र पुढच्या अनेक कारागिरांना कित्येक दशके घालवावी लागली. धोटा दर वेळी ठरल्या जागी थांबवणे, न आल्यास माग आपोआप बंद पाडणे, कापड आपोआप गुंडाळणे, ही सगळी त्यात भर.

आता मागाच्या कडेला उकिडवे बसून पाहू. धोट्याची पेटी लांबट. तिच्या एका भिंतीत बाकदार फळी, मागून स्प्रिंगने दाबलेली. तिला स्वेल म्हणतात. धोटा पेटीत शिरताना स्वेलला ढकलतो, तिच्यावर घासतो आणि त्याचा काही वेग उतरतो. उरलेला वेग घेऊन तो पिकरवर आदळतो. पिकर हा जाड, चिवट तुकडा, धोट्याच्या लोखंडी टोकाचा मारा अंगावर घेणारा. माग वरून मार देणारा असेल तर पिकर लोखंडी दांडीवर सरकतो, खालून मार देणारा असेल तर तो उभ्या काठीच्या टोकाशी असतो. दोन्हींतले तत्त्व एक. धोट्याच्या धडकेने पिकर मागे रेटला जातो आणि आपल्याबरोबर एक पट्टा ओढतो. हाच चेक-पट्टा.

वरून मार देणाऱ्या मागात हा पट्टा पुढच्या बाजूने, एका पेटीपासून दुसऱ्या पेटीपर्यंत, कड्यांतून ओवून नेलेला असतो. उजवीकडे धोटा आला की पट्टा उजवीकडे ओढला जातो, कड्यांत घासतो, किंचित ताणला जातो, आणि त्या घासण्या-ताणण्यात धक्का विरतो. त्याच ओढीने डावीकडचा पिकर थोडा पुढे येऊन पुढच्या झेलासाठी सज्ज होतो. एका पट्ट्याने दोन्ही टोके अशी एकमेकांना बांधून घेतली आहेत. यंत्ररचनेतली ही युक्ती मला फार देखणी वाटते.

खालून मार देणाऱ्या मागात आणखी एक पट्टा असतो, काठीला कमरेशी वेढून तिला झटक्याने ओढणारा. त्याला लग पट्टा म्हणतात. झटका देणारा हा, झटका शोषणारा चेक-पट्टा. पण तुटण्याची जागा दोघांची सारखीच. पट्टा मध्यावर सहसा तुटत नाही. तो तुटतो जिथे लोखंडाला भेटतो तिथे, म्हणजे बोल्टाच्या भोकाशी, कडीच्या काठाशी, वळणावर. भोक चाकूने चौकोनी कापले तर कोपऱ्यातून चीर सुटते, म्हणून ते पंचने गोल पाडायचे. बोल्टाखाली रुंद वॉशर, त्याखाली चामड्याचा किंवा रबराचा तुकडा, म्हणजे ओढ एका बिंदूवर न येता पसरते. कडीचा काठ घासून गोल केलेला हवा. पट्ट्याचा आधार स्वतः थोडा दबणारा असला तर धक्क्याचे टोक आधारच खातो आणि पट्ट्याला उरते नुसती ओढ. धक्का शोषणाऱ्या आधारांमागचे शहाणपण एवढेच. पट्टा जाड करत जाण्यापेक्षा तो जिथे बसतो ती जागा मऊ करणे शहाणपणाचे, कारण जाड पट्टा कडक होतो आणि कडक पट्टा झेलत नाही, उलटा मारतो.

चामड्याची निवडही डोळसपणे करावी लागते. पाठीच्या कण्यालगतचे कातडे कमी ताणते, पोटाकडचे जास्त. म्हणून पट्टा कण्याच्या दिशेने कापलेला हवा. पोटाकडचा पट्टा दिसायला तसाच असतो, पण थोड्याच दिवसांत लांबतो आणि जॉबरला, म्हणजे मागांची जुळणी करणाऱ्या कारागिराला, पुन्हा आवळायला लावतो. पावसाळ्यात चामडे ओल पिऊन सैल पडते, उन्हाळ्यात सुकून आखडते. बांधणी एकदा केली आणि वर्षभर विसरलो, असे इथे चालत नाही.

पट्टा सैल राहिला तर धोटा हवा त्यापेक्षा आत जातो, पिकर शेवटच्या बफरवर आपटतो, धोटा उसळून मागे येतो. तो पिकरपासून दूर थांबला की पुढची फेक कमजोर पडते. कमजोर फेकीचा धोटा पलीकडे उशिरा पोचतो किंवा उभ्या धाग्यांतच अडकतो. अडकलेल्या धोट्यावर फणी आदळली तर शेकडो धागे एका दमात तुटतात आणि ते सांधण्यात तास जातात. हे होऊ नये म्हणून फणी घट्ट बसवलेल्या मागांत एक लोखंडी जीभ असते. धोटा पेटीत व्यवस्थित बसला तरच स्वेल ती जीभ उचलून धरते, नाहीतर जीभ सांगाड्यावरच्या खोबणीत जाऊन धडकते आणि सगळा माग दणका देत जागच्या जागी थांबतो. धोटा उसळला की हा दणका वारंवार बसतो.

उलट पट्टा अति आवळला तर धोटा अर्ध्यातच अडतो, झेल कठोर होतो, आणि त्या हिसक्याने कांडीवरचे सूत ढासळून पुढे येते. कापडात गुठळ्या आणि वेढे दिसू लागतात. व्यापारी ठाण तपासताना ते बोटाने दाखवतो आणि मजुरीतून कापतो. हा दोष सुताचा, की सायझिंगचा (सुताला खळ देण्याचा), की कांडी भरणाऱ्याचा, यावर वाद होत राहतात, आणि खरा दोषी कधी कधी पेटीखालचा पट्टा असतो.

म्हणून चांगला जॉबर आधी स्क्रू पिळत नाही. तो फेक होऊन गेल्यावर माग थांबवतो आणि धोट्याचे टोक पिकरला नेमके टेकले आहे का ते पाहतो. दोन्ही बाजूंना पाहतो. मग पिकर काढून त्यावर टोकाने पाडलेला खड्डा निरखतो. खड्डा मधोमध असेल तर धोटा सरळ येतो आहे. एका बाजूला सरकलेला असेल तर धोट्याची वाट वाकडी आहे, आणि वाकड्या वाटेचा धोटा एखाद्या दिवशी मागाबाहेर झेपावणार. लोखंडी टोकांचा तो धोटा समोरच्या कामगाराच्या डोळ्यावर बसला तर काय होईल, हे शेडमधल्या कुणाला सांगावे लागत नाही. पिकरवरचा हा खड्डा वाचणे म्हणजे अपघात आधी वाचणे.

पट्ट्यांच्या सामग्रीचा प्रवास थोडक्यात सांगतो. जुने पिकर म्हशीच्या कच्च्या कातड्याचे, तेलात मुरवलेले. पट्टे कमावलेल्या चामड्याचे. नंतर नायलॉनचा गाभा आणि वर चामड्याचा थर असे पट्टे आले, पिकर उच्च घनतेच्या प्लास्टिकचे झाले, बफर रबराचे आणि पुढे पॉलियुरेथेनचे. नव्या वस्तू टिकतात जास्त, ओल फारशी पीत नाहीत. पण चामड्याचा एक गुण त्यांना पुरता जमला नाही असे मला वाटते. बिघडण्याआधी चामडे काळवंडते, भोक लांबट होते, काठ भुरभुरतो. ते आधी सांगते, मग तुटते.

इचलकरंजीशी या पट्ट्याचे नाते १९०४ पासूनचे. त्या वर्षी विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचा त्याला पाठिंबा होता. पंचगंगेकाठच्या त्या गावाचे पुढे वस्त्रनगर झाले आणि २०२२ साली महापालिकाही. गल्लोगल्ली शेड, शेडमध्ये चार, आठ, सोळा माग. मोठ्या गिरणीत भांडारविभाग असतो, ठरल्या दिवशी सुटे भाग बदलतात. इथे यंत्रमागधारक स्वतःच मालक, स्वतःच भांडारी. त्यातही खर्चीवाला असेल, म्हणजे व्यापाऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर विणणारा, तर त्याचा हिशेब पैशा-पैशाचा. पट्टा अजून आठवडाभर चालेल, म्हणून तो आठवडाभर चालवला जातो. याला हलगर्जी म्हणणे अन्यायाचे होईल. पिकच्या, म्हणजे आडव्या धाग्यांच्या, हिशेबाने मीटरवर मिळणाऱ्या मजुरीत जिथे वीजबिल भागवायचे, तिथे पट्ट्याची खरेदी पुढे ढकलली जाणारच. पण शेवटचा आठवडा सर्वांत महाग पडतो. पट्ट्यावर वाचलेले पैसे तुटलेल्या धाग्यांवर, बाद ठाणावर, फुटलेल्या धोट्यावर जातात.

आणि कामगाराच्या कानावर. साध्या मागांच्या शेडमधला आवाज १०० डेसिबलच्या घरात असतो, आणि त्यातला मोठा वाटा धोटा फेकण्याचा व झेलण्याचा. लँकेशायरच्या गिरण्यांत विणकर बायका ओठांच्या हालचालींवरून एकमेकींशी बोलत, इतका तो आवाज. बफर झिजला, आधारातला रबरी तुकडा उडाला, की लोखंड लोखंडावर बसते आणि आवाज आणखी चढतो. ज्याला आपण किरकोळ सुटा भाग म्हणतो, तो कामगाराच्या श्रवणाचाही राखणदार आहे.

१९५३ साली स्वित्झर्लंडच्या सुल्झरने धोट्याऐवजी छोटे प्रक्षेपक वापरणारा माग बाजारात आणला. नंतर पकडीने धागा नेणारे रॅपियर आले, हवेच्या झोताने धागा नेणारे एअरजेट आले. इचलकरंजीतही शटललेस, म्हणजे बिनधोट्याच्या, मागांची शेड वाढत आहेत. धोटा गेला, तरी झेलण्याचा प्रश्न गेला नाही. सुल्झरमध्ये प्रक्षेपकाला थांबवायला पलीकडे ब्रेक आहेच. एअरजेटमध्ये तर वेगाने निघालेला नुसता धागा शेवटी हिसका खाऊन तुटू नये म्हणून वेफ्ट ब्रेक लावावा लागतो. तिथे मात्र हा झेल यंत्राला आकड्यांत समजावून दिलेला असतो. साध्या मागावर तो जॉबरच्या बोटांत आणि कानांत असतो, आणि कागदावर जवळजवळ कुठेच नाही.

साधे माग भंगारात जात आहेत आणि त्यांची जुळणी करणारे जॉबर साठीकडे झुकले आहेत. इचलकरंजीच्या डीकेटीईसारख्या वस्त्रतंत्र शिकवणाऱ्या संस्थेने या जॉबरांना वर्गात बोलावून त्यांचे काम मराठीत नोंदवावे: पट्टा कुठून कापायचा, भोक कुठे पाडायचे, पावसाळ्यात किती आवळायचे. आणि ज्यांच्या शेडमध्ये असा माग अजून चालू आहे, त्यांनी तो विकण्याआधी जॉबरला बसवून चेक-पट्टा बांधण्यापासून धोटा टेकेपर्यंतचे सगळे काम मोबाइलवर चित्रित करून ठेवावे. अर्ध्या तासाचे काम आहे.