मालभाड्यात न धरलेली धूळ

मुरगाव बंदरात उतरणारा आयात कोळसा रेल्वेने वास्को, मडगाव, चांदोर, सावर्डे, कुळे या मार्गे दूधसागरचा घाट ओलांडून कर्नाटकातील पोलाद कारखान्यांकडे जातो. या मार्गालगत राहणाऱ्यांची तक्रार जुनी आहे : खिडकीच्या कठड्यावर, वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी भुकटी साचते. नोव्हेंबर २०२० मध्ये या मार्गाच्या दुपदरीकरणाविरुद्ध चांदोर येथे नागरिक रात्री रुळांवर उतरले, तेव्हा त्यांच्या मनात हीच धूळ होती.

ही धूळ उडते कशी? कोळशाच्या वाघिणी वरून उघड्या असतात, कारण त्या वरून भरणे सोयीचे असते. कोळसा शिगेसारखा भरला, की त्याचा माथा वाऱ्याच्या माऱ्यात येतो. गाडीच्या वेगाने निर्माण होणारा वारा वरचे बारीक कण उचलतो. प्रवासातील हादऱ्यांनी ढेकळे फुटून नवी भुकटी तयार होते. काही भुकटी दारांच्या फटींतून गळते. रिकाम्या परतणाऱ्या वाघिणींत उरलेला चुराही वाटेत उडतच राहतो.

यातील जाड कण जवळच बसतात. दहा मायक्रॉनहून लहान कण मात्र श्वासावाटे आत जातात. अडीच मायक्रॉनहून लहान कण फुप्फुसांच्या खोल भागापर्यंत पोहोचतात. म्हणूनच २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार हवेतील या कणांची चोवीस तासांची मर्यादा दर घनमीटरला अनुक्रमे १०० व ६० मायक्रोग्रॅम ठरविण्यात आली.

हानी रेल्वेचीही होते. भुकटी रुळांखालच्या खडीत शिरली, की पावसाचे पाणी निचरत नाही आणि मार्ग ढिला पडतो. अमेरिकेतील वायोमिंग राज्यात मे २००५ मध्ये कोळशाच्या दोन गाड्या लागोपाठ घसरल्या; खडीत साचलेली कोळशाची भुकटी हे त्यामागील एक कारण मानले गेले. तेथील बीएनएसएफ या रेल्वे कंपनीच्या अंदाजानुसार एका वाघिणीतून सुमारे २२५ किलोपासून एक टनापर्यंत कोळसा वाटेत सांडू शकतो. २०११ पासून या कंपनीने भरलेल्या कोळशाचा माथा गोलसर व सपाट करणे आणि त्यावर भुकटी धरून ठेवणारे द्रावण फवारणे आवश्यक केले. अशा द्रावणाने धूळ किमान ८५ टक्क्यांनी घटावी, अशी अपेक्षा होती.

उपाय साधेच आहेत : वाघीण काठाखाली भरणे, माथा सपाट करणे, पाणी अथवा द्रावण फवारणे, ताडपत्री घट्ट बांधणे आणि रिकामी वाघीण नीट झाडणे. सैल ताडपत्री मात्र वाऱ्याने फडफडते आणि तिचा उपयोग उरत नाही.

रस्त्यावरील ट्रकांपेक्षा रेल्वे कमी इंधनात माल नेते, म्हणून मालगाडी हवीच. परंतु आपण हिशेबाची माणसे आहोत. कोणताही खर्च खातेवहीत नोंदला नाही, म्हणून तो नाहीसा होत नाही; तो दुसऱ्या कोणाच्या तरी नावे पडतो. ताडपत्रीचा व फवारणीचा खर्च माल पाठविणाऱ्याने मालभाड्याबरोबर उचलला नाही, तर तो रुळांकाठची कुटुंबे दवाखान्याच्या बिलांतून भरत राहतील.