ओल्या फळीचा रंग

पुण्याहून पश्चिमेस निघालेला रस्ता पिरंगुट आणि पौड मागे टाकून मुळशीच्या जलाशयाच्या काठाकाठाने ताम्हिणी घाटाकडे जातो. त्या टापूत गेल्या काही दशकांत जे बंगले आणि जी शेतघरे उभी राहिली, त्यांपैकी पुष्कळांच्या पुढे किंवा मागे लाकडी फळ्यांचा एक ऐसपैस चौथरा आढळतो. त्याला सर्वत्र डेक म्हणतात. घरधन्याने जागा घेताना सातबारा बारकाईने वाचलेला असतो, बिगरशेती परवान्याची खातरजमा केलेली असते, विहीर, वीज आणि कुंपण यांच्या खर्चाची तजवीज लावलेली असते. परंतु या चौथऱ्याचा रंग कोणता असावा, ही बाब मात्र दुकानातल्या ट्यूबलाइटखाली, वीतभर लांबीच्या नमुन्यावरून, चहा निवायच्या आत निकालात निघते. पुढे दोन पावसाळे गेले की तो रंग कोठे गेला, असा प्रश्न पडतो, आणि मग दुकानदार, सुतार आणि हवा या तिघांवर आळीपाळीने ठपका ठेवला जातो. वास्तविक मुळशीसारख्या ठिकाणी डेकला आज कोणता रंग द्यावा यापेक्षा तिसऱ्या वर्षी त्याचा रंग कोणता होणार आहे, याचा विचार आधी करावयास हवा.

पुणे शहरात वर्षाकाठी सुमारे सातशे मिलीमीटर पाऊस पडतो. तेथून जेमतेम पन्नास-साठ किलोमीटरांवर असलेल्या ताम्हिणीच्या परिसरात तो याच्या कित्येक पटींनी पडतो. हिंजवडी आणि ताम्हिणी ही दोन्ही ठिकाणे महसुली दप्तरात मुळशी तालुक्याचीच असली, तरी फळीच्या दृष्टीने ते दोन वेगळे देश आहेत. घाटाकडच्या बाजूस ज्येष्ठाच्या अखेरीपासून भाद्रपदापर्यंत फळी पुरती सुकतच नाही, आणि त्याच फळीवर चैत्र-वैशाखात असे ऊन पडते की पाय ठेवणे कठीण व्हावे. म्हणजे एकाच रंगाने चार महिने शेवाळाशी आणि चार महिने सूर्याशी मुकाबला करावयाचा असतो.

लाकडाचा रंग उडतो म्हणजे नेमके काय होते, हे येथे सांगितले पाहिजे. लाकडातील तंतूंना एकमेकांशी घट्ट बांधून ठेवणारे लिग्निन नावाचे द्रव्य सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी विघटित होते; सुटे झालेले द्रव्य आणि त्याबरोबरचे तपकिरी अर्क पावसाच्या पाण्याने धुऊन जातात, आणि पृष्ठभागावर उरतात ते फिकट, राखी तंतू. सागासारखे उत्तम लाकूडही या क्रियेतून सुटत नाही. त्याचा मधासारखा सोनेरी रंग उघड्यावर वर्षा-दोन वर्षांत भस्मी होतो. परदेशी नियतकालिकांतील छायाचित्रांत ही राखाडी छटा रुपेरी आणि एकसारखी दिसते, आणि ती पाहून कित्येकजण ‘आम्हांला तसेच हवे’ असा हट्ट धरतात. पण सह्याद्रीच्या माथ्यालगतच्या दमट हवेत लाकडावर बुरशी बसते, त्यामुळे येथली राखाडी रुपेरी न होता काळपट, ठिपकेदार आणि असमान होते. शिवाय पागोळीच्या आतल्या, छपराखालच्या फळ्या तपकिरीच राहतात आणि बाहेरच्या राखाडी पडतात. एकाच डेकवर दोन रंगांची सरहद्द आखली जाते. पहिल्या पावसात धुऊन निघालेला तपकिरी अर्क खाली ओघळतो तो वेगळाच, आणि खालचे जोते पांढऱ्या चुन्याचे असेल तर त्यावर ओघळांचा नकाशाच उमटतो.

याच प्रकरणातला एक पोटविषय मला विशेष रसाचा वाटतो. फळ्या साध्या लोखंडी खिळ्यांनी ठोकल्या आणि लाकडात टॅनिन असले, तर ओलावा लागताच प्रत्येक खिळ्याभोवती निळसर काळा डाग पसरतो. आपल्या जुन्या कारकुनांना या डागाचे रसायन पुस्तकावाचून ठाऊक होते, कारण हिरडा आणि हिराकस एकत्र करून जी शाई बनवीत ती याच तत्त्वावर होत असे: हिरड्यातले टॅनिन आणि हिराकशीतले लोह. ज्या डोंगरांत हिरडा गोळा केला जातो त्याच डोंगरांत आपण नकळत आपल्या डेकवर शाई तयार करतो, ही गंमत खरी. पण डाग पडल्यावर ऑक्झॅलिक आम्लाने धूत बसण्यापेक्षा आरंभीच गंजरोधक पोलादाचे स्क्रू वापरावेत. ज्यांना फिक्या रंगाचे लाकूड हवे आहे त्यांनी तर या सूचनेत मुळीच सवलत घेऊ नये, कारण काळा डाग गडद फळीवर खपून जातो, फिक्या फळीवर जन्मभर दिसतो.

लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक यांच्या मिश्रणातून बनविलेल्या कंपोझिट फळ्यांना, ज्यांना बाजारात डब्ल्यूपीसी म्हणतात, हे टॅनिनचे दुखणे फारसे नाही, आणि त्यांचा रंगही प्रारंभी थोडा उतरून मग बराच काळ स्थिर राहतो. मात्र गडद कंपोझिट उन्हात लाकडाहून अधिक तापते आणि लांबीने फुगते. दोन फळ्यांच्या टोकांमध्ये फट ठेवण्याची दक्षता घेतली नाही तर ती वैशाखात उचलली जाते. अलीकडे कोळशासारख्या काळ्या डेकची जी टूम निघाली आहे तिच्याविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही. आपल्याकडे घरच्या ओट्यावर अनवाणी वावरण्याची रीत आहे. पादत्राणे पायरीशी सुटतात. युरोपातील मनुष्य बूट घालून ज्या फळीवर उभा राहतो तिच्यावर आपली आजी दुपारी कुरडया घालावयास बसणार असते. कुरडया काळ्या फळीवर लवकर वाळतील, हे मान्य. आजीचे काय, हा प्रश्न उरतो.

यावर उपाय म्हणून पांढरट फळी घ्यावी, तर तिचीही तऱ्हा सुखाची नाही. भर उन्हात ती डोळे दिपवते, लाल मातीतून आलेल्या पावलांचा प्रत्येक ठसा जतन करून ठेवते, आणि श्रावणात तिच्यावरचे हिरवे शेवाळ लांबूनही नजरेत भरते. शेवाळ गडद फळीवरही तितकेच असते आणि तितकेच घसरते. तेथे ते फक्त दिसत नाही, आणि न दिसणारे शेवाळ अधिक घातक, हे ज्याचा पाय घसरला आहे त्याला सांगावे लागत नाही. बोअरचे पाणी जड असेल तर ते शिंपडल्यावर क्षारांचे पांढरे चट्टे मात्र गडद फळीवरच उठून दिसतात.

रंगाचा विचार एकट्या फळीपुरता करून भागत नाही, शेजारी काय आहे तेही पाहावे लागते. पॅरिसच्या गोब्लँ येथील विणकामाच्या कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख असलेल्या शेव्ह्रल या रसायनशास्त्रज्ञाकडे काळा रंग निस्तेज दिसत असल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा त्याने शोधून काढले की दोष रंगात नसून त्याच्या शेजारच्या रंगांत आहे. हा विचार त्याने 1839 साली ग्रंथरूपाने मांडला. हिरव्याच्या सान्निध्यात तांबडा अधिक तांबडा भासतो, हे त्यातले साधे तत्त्व मुळशीच्या माणसाला लागलीच उपयोगी पडणारे आहे. दुकानात सौम्य वाटलेली तांबूस फळी आषाढात, जेव्हा बांधापासून डोंगरापर्यंत सगळे हिरवेगार झालेले असते, तेव्हा अंगावर येऊ लागते. आणि तीच फळी फाल्गुनात, गवत पिवळे पडले आणि कुसुंबाला तांबडी पालवी फुटली की, पुन्हा सोज्ज्वळ दिसते. राखी आणि मातकट छटा मात्र दोन्ही ऋतूंत समजूतदारपणे वागतात.

याहून महत्त्वाची गोष्ट संधिप्रकाशाची आहे. बोहेमियातील शरीरशास्त्रज्ञ पुर्किन्ये याने 1825 च्या सुमारास नोंदविले की उजेड मंदावला म्हणजे तांबडे रंग आधी काळवंडतात, तर निळे-हिरवे बराच वेळ उजळ दिसत राहतात. शेतघरातल्या डेकचा खरा उपयोग होतो तो तिन्हीसांजेला, आणि नेमक्या त्याच वेळी तांबूस-तपकिरी फळी व तिच्या पायऱ्या अंधारात विरघळतात. जेथे घोणस आणि विंचू यांचा वावर आहे तेथे पायाखालची जमीन दिसावी ही केवळ सौंदर्याची बाब राहत नाही. म्हणून निदान पायरीची कड आणि डेकची बाहेरची फळी थोड्या उजळ छटेची घ्यावी. लुगड्याला काठ असावा तशी ती दिसतेही बरी.

आपल्या पूर्वजांनी हा प्रश्न वेगळ्या साधनांनी सोडविला होता. मावळातल्या घरापुढचे अंगण शेणाने सारविलेले असे. ओले असताना शेवाळी आणि वाळल्यावर खाकीकडे झुकणारा हा रंग डोळ्यांना दिपवीत नसे, पायाला भाजत नसे, आणि त्यावर रांगोळी स्वच्छ उठे. त्याहून मोठा गुण असा की तो टिकाऊ असल्याचा दावा कोणी करीत नसे. तो विटे, आणि पुन्हा सारविला जाई. लाकडाला तेल देण्याचा व्यवहार याच जातीचा आहे. जवसाचे तेल किंवा बाजारातले रंगद्रव्ययुक्त तेल देऊन सागाचा मूळ रंग राखता येतो, पण ते वर्षाला एकदा, शेतसारा भरावा तसे, बिनचूक दिले पाहिजे. आणि तेही पाऊस पूर्ण ओसरून लाकूड आतपर्यंत सुकल्यावर, म्हणजे मार्गशीर्षाच्या सुमारास, उघडिपीचे दोन दिवस गाठून घाईने नव्हे. केवळ पारदर्शक तेलाने अतिनील किरण फारसे अडत नाहीत. त्यात थोडे रंगद्रव्य असेल तर ते किरण अडविते. ज्यांचे घर वर्षातले दहा महिने कुलूपबंद असते त्यांनी हा सारा आपल्याकडून भरला जाणार नाही असे प्रामाणिकपणे ठरवून पहिल्यापासूनच राखी-तपकिरी, मध्यम छटेची फळी घ्यावी. हवा तिला जिकडे नेणार आहे तिकडेच ती अर्ध्या वाटेवर उभी असते.

ही मध्यम छटा कोठे शोधावी, याचे उत्तर आवारातच पडलेले असते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून झालेला इथला कातळ आत काळा असला तरी वरून ऊनपावसाने राखी-तपकिरी झालेला असतो. जलाशयाचा काठही पाहावा. टाटांच्या या धरणाचे पाणी डोंगराखाली भिऱ्याच्या वीजगृहाकडे जाते, त्यामुळे उन्हाळ्यात पातळी उतरते आणि पाण्याभोवती मातीचा रुंद तपकिरी पट्टा उघडा पडतो. ही माती मुळशी पेट्याच्या बुडालेल्या गावांची आहे. ती वाचविण्यासाठी 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला, तुरुंग भोगला, आणि अखेर ते हरले. त्या पाण्याकडे तोंड करून बांधलेल्या डेकने भडक दिसू नये, असे मला वाटते. पण हा रुचीचा प्रश्न झाला, रसायनाचा नव्हे.

निवड करताना निदान हातभर लांबीची फळी जागेवर आणावी, तिचा अर्धा भाग पाण्याने भिजवावा आणि ती सकाळी, भर दुपारी व दिवेलागणीला पाहावी. ओल्या अर्ध्यावरून पावसाळ्यातला रंग कळतो आणि तेल दिल्यावर लाकूड साधारण कसे दिसेल, याचाही अंदाज येतो. आणि फळ्या मागविताना चार-पाच जास्त मागवाव्यात. त्या कोठीत जपून न ठेवता डेकशेजारीच उघड्यावर मांडून ठेवाव्यात, म्हणजे पुढे एखादी फळी कुजून बदलावी लागली तर नवी फळी तोवर जुन्यांइतकीच राखाडी झालेली असते आणि सुताराला रंग जुळवीत बसावे लागत नाही.