मालाडची शेगडी गांवीं आणतांना

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें मालाडसारख्या उपनगरांत बिऱ्हाड करून आहेत. तेथें १९९५ सालीं स्थापन झालेल्या महानगर गॅस कंपनीचा गॅस अनेक घरांत नळानें येतो. गांवीं मात्र १४.२ किलोची टाकी. शेगडी दोहींकडे सारखीच दिसते, आणि घोटाळा येथेंच होतो.

नळाच्या गॅसकरितां बर्नरखालील जेटचें भोंक मोठें केलेलें असतें. तीच शेगडी गांवीं आणून टाकीस जोडिली तर ज्योत भडकून पिवळी होते. जाणत्या कारागिराकडून जेट बदलून घेतल्यावांचून ती पेटवूं नये.

दुसरा भेद अधिक घातक. नळाचा गॅस मुख्यतः मिथेन. तो हवेहून हलका, गळल्यास वर चढून झरोक्यावाटें जातो. टाकींतील प्रोपेन व ब्यूटेन हवेच्या दीडपट ते दुप्पट जड. ते पाण्यासारखे जमिनीलगत पसरून ओट्याखालीं साचतात. वरच्या खिडकीवर विसंबणाऱ्या सुनेस बोल लावण्यांत अर्थ नाहीं. भिंतींत खालीं झरोका न ठेवणारे आम्हीच!

टाकी उभी ठेवावी, शेगडी तिच्याहून उंच असावी. रबरी नळीस साबणाचें पाणी लावून बुडबुडे पाहावे. काडी कदापि ओढूं नये. वास येतांच दिव्याचें बटण लावूं नये, तसेंच मालवूंही नये. तेथील ठिणगी पुरते. रेग्युलेटर बंद करून, दारें उघडून बाहेर पडावें व तेथून १९०६ ह्या क्रमांकावर कळवावें.