एकट्याचा डाव, चार परार्धांचा पसारा

रोज १० कोटी डाव! वर्षाला नव्हे, महिन्याला नव्हे, रोज. मायक्रोसॉफ्टच्या सॉलिटेअरला २०२० साली ३० वर्षं झाली, तेव्हा कंपनीने हा आकडा जाहीर केला. महिन्याला साडेतीन कोटी खेळाडू आणि दिवसाला १० कोटींहून जास्त डाव. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे दर सेकंदाला साडेअकराशे माणसं कुठे ना कुठे नवा डाव मांडताहेत. हे वाक्य वाचून होईपर्यंत पाचेक हजार डाव मांडून झाले!

हा आकडा जरा निपाणीच्या मापाने मोजू. निपाणी शहराची वस्ती साठ हजारांच्या वर. तान्ह्या बाळापासून नव्वदीच्या आजीपर्यंत सगळ्या गावाने हे काम वाटून घेतलं, तर प्रत्येकाला रोज सुमारे सोळाशे डाव मांडावे लागतील. एका डावाला पाच मिनिटं धरली तर सोळाशे डावांना १३३ तास लागतात. आणि दिवस तर चोवीस तासांचा!

आता हे पत्ते पडद्यावरचे नाहीत, हातातले आहेत असं धरा. एक पान सुमारे ९ सेंटिमीटर लांब. अख्खा कॅट रस्त्यावर पानाला पान लावून मांडला, तर साडेचार मीटरांहून थोडा जास्त. १० कोटी कॅट मांडले तर ४ लाख ६० हजार किलोमीटर! निपाणी ते बेळगाव सुमारे ७५ किलोमीटर, तवंदी घाट, संकेश्वर, हत्तरगी करत. जाऊन-येऊन दीडशे, म्हणजे मुंबई-पुणे. असे तीन हजार मुंबई-पुणे रोज पत्त्यांनी झाकले जातील. चंद्र आपल्यापासून सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटर दूर आहे. आपली पत्त्यांची रांग दिवस संपण्याआधीच त्याच्या पुढे निघून जाते.

छाती दडपली? पण हे काहीच नाही. खरी गंमत डावांच्या संख्येत नाही, त्या एका कॅटच्या पोटात आहे. तळहातावर मावणारा दीड सेंटिमीटर जाडीचा गठ्ठा. तो किती वेगवेगळ्या क्रमांनी लागू शकतो?

पायरी पायरीने चढू. दोन पानं दोन तऱ्हांनी लागतात. तीन पानं सहा तऱ्हांनी, चार पानं चोवीस, पाच पानं एकशे वीस. दर नवं पान आधीच्या संख्येला स्वतःच्या क्रमांकाने गुणतं. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’त हाच हिशेब घातला होता. शंकराच्या दहा हातांत दहा आयुधं, ती आपसांत बदलत गेली तर किती वेगवेगळ्या मूर्ती होतील? उत्तर आहे ३६,२८,८००. दहाच वस्तू, आणि छत्तीस लाख!

निपाणी ही तंबाखूची आणि विड्यांची नगरी. विडी कामगार बाईच्या मांडीवर सूप असतं, सुपात तंबाखू, हातात कात्रीने बेतलेलं पान. चिमूटभर तंबाखू पसरायची, पान वळायचं, दोऱ्याचा वेढा द्यायचा, तोंड मुडपायचं की पुढचं पान. मजुरी ठरते ती हजार विड्यांवर. त्या हातांनी रोज हजार विड्या वळल्या आणि एका विडीला दहा पत्त्यांची एक मांडणी धरली, तर एकही सुट्टी न घेता सगळ्या मांडण्या संपायला दहा वर्षं लागतील. त्यात अकरावं पान घाला. दहा वर्षांची थेट १०९ वर्षं होतात! एका पानाने माणसाचा जन्म ओलांडला.

आता इस्पिकची तेराच्या तेरा पानं घ्या, एक्क्यापासून राजापर्यंत. मांडण्या ६२२ कोटी ७० लाख. एका मांडणीला पाण्याचा एक थेंब धरू, मिलिलिटरला वीस थेंब. वीस फूट रुंदीची गोल विहीर घ्या, तिच्यात पस्तीस फूट पाणी. थेंबांचा हिशेब जवळजवळ तंतोतंत जुळतो! एकटं इस्पिक म्हणजे काठोकाठ भरलेली एक विहीर. त्यात बदामचा एक्का टाकला की चौदा विहिरी.

पंधरा पानं झाली की आगगाडी बोलवावी लागते. मांडण्या १ लाख ३० हजार कोटींच्या वर. भारतीय रेल्वेने रोज साधारण दोन कोटी माणसं प्रवास करतात. प्रत्येक प्रवाशाच्या हाती एक मांडणी द्या. देशातल्या सगळ्या गाड्या, सगळे डबे, सगळे प्रवासी याच कामाला लावले, तरी १७९ वर्षं लागतील. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली १६ एप्रिल १८५३ रोजी. त्या दिवसापासून आजच्या गर्दीने गाड्या धावत असत्या, तरी पंधरा पानांचं काम अजून उरलंच असतं!

सतरा पानं, आणि मांडणीला एक रुपया धरा. होतात ३५५ लाख कोटी रुपये. केंद्र सरकारचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प साधारण ५० लाख कोटींचा. असे सात अर्थसंकल्प सतरा पत्त्यांत बसले. एकोणीस पानांना पुन्हा थेंब मोजू. आता विहिरी पुरत नाहीत, घटप्रभेवरचं हिडकल धरणच लागतं. ५१ टीएमसीचं ते धरण चार वेळा भरेल एवढे थेंब! वीस पानं झाली की तेच धरण ८४ वेळा भरतं. आणि त्या वीस पानांची दर सेकंदाला एक मांडणी करत बसलात, तर ७,७०० कोटी वर्षं लागतील. अवघ्या विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं. वीस पानांत विश्वाचं आयुष्य पाच वेळा संपलं, आणि कॅटमध्ये अजून बत्तीस पानं बाकी आहेत!

बावन्न पानांच्या मांडण्या किती? आठावर सदुसष्ट शून्यं, थोडं जास्तच. एकूण ६८ अंकी संख्या. लाख, कोटी, अब्ज, खर्व, निखर्व करत आपली जुनी मोजणी परार्धापर्यंत जाते. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं, तिथे आपली नावंच संपतात. अशा चार परार्धांचा एकमेकांशी गुणाकार करा आणि त्यातले ऐंशी टक्के घ्या. ते आपलं उत्तर.

पृथ्वीवरच्या एकेका अणूवर एकेक मांडणी लिहायची म्हटली, तर अशा सहा परार्ध पृथ्व्या लागतील. धरा, जगातल्या ८०० कोटी माणसांना प्रत्येकी परार्ध हात आहेत. प्रत्येक हात सेकंदाला परार्ध वेळा कॅट पिसतो आहे. विश्व जन्मलं त्या क्षणापासून आजपर्यंत न थांबता, आणि एकही मांडणी पुन्हा न येता! तरीसुद्धा काम किती झालं असेल? तेवीस लाखांतला एक भाग. म्हणून तुम्ही नीट पिसलेला कॅट ज्या क्रमाने लागतो, तो क्रम याआधी कुठल्याच माणसाच्या हातात आलेला नसतो, अशी बिनधास्त पैज लावावी. फक्त पिसणं पक्कं हवं. अर्धे-अर्धे गठ्ठे एकमेकांत सोडून फरर्‌कन पिसायचे, तेही सात वेळा, असं १९९२ मध्ये गणितज्ञांनी दाखवून दिलं.

आपल्या शेजारी तर याहून मोठा डोंगर उभा आहे. बेळगावहून आंबोली घाट उतरला की सावंतवाडी. तिथल्या राजवाड्यात गंजिफा रंगवल्या जातात. हाताने रंगवलेली गोल पानं, मत्स्य-कूर्मापासून दहा अवतार. प्रत्येक अवताराची बारा पानं, राजा, प्रधान आणि एक ते दहा. एकूण १२० पानं. विझत चाललेली ही कला शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी १९७० च्या दशकात पुन्हा उभी केली. त्या १२० पानांच्या मांडण्या किती? १९९ अंकी संख्या! अकरा परार्धांचा गुणाकार आणि त्याची पुन्हा ६७ हजार कोटी पट. बावन्न पानांना चार परार्ध पुरत होते. दशावतारांना अकरा घेऊनही पुरत नाहीत.

एवढ्या अफाट पसाऱ्यात आपल्या वाट्याला येणारा डाव म्हणजे निव्वळ नशीब, असं कुणालाही वाटेल. बेळगाव-निपाणी बसच्या खिडकीशी बसलेल्या माणसाच्या मोबाइलकडे बघा. हिरव्या पडद्यावर सात रांगा. पहिलीत एक पान, दुसरीत दोन, सातवीत सात. रांगांत २८ पानं, हातात २४. रांगांतली फक्त सात उताणी, एकवीस पालथी. ती एकवीस कोणती हे कुणी कानात सांगितलं, तरी ती पालथी पडण्याच्या तऱ्हा ५११ परार्ध! आणि त्यासमोर एक अंगठा, इस्पिकच्या नव्वीवर बदामची अठ्ठी सरकवणारा.

तरीही तो अंगठा जिंकू शकतो. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठातल्या चार्ली ब्लेक आणि इयान गेंट यांनी संगणकाला कामाला लावून हे मोजलं. तीन-तीन पानं उलटायचा हा नेहमीचा डाव, त्याचं नाव क्लॉन्डाइक, सगळी पानं कुठे आहेत ते माहीत धरून खेळला, तर शंभरातले सुमारे ८२ डाव सुटू शकतात. आपल्याला पालथी पानं दिसत नाहीत, म्हणून आपले एवढे लागत नाहीत. पण वाट असते. अठराच डाव मुळात बंद. बाकी ८२ ठिकाणी दार उघडं, फक्त सापडायला हवं.

फ्रीसेल या एकट्याच्याच दुसऱ्या डावात तर पानं सगळीच उताणी, त्यामुळे कसबाचा कस लागतो. विंडोजच्या जुन्या फ्रीसेलमध्ये ३२,००० क्रमांकित डाव होते. १९९४-९५ मध्ये शंभरावर हौशी लोकांनी इंटरनेटवरून ते वाटून घेतले आणि एकेक करून सोडवले. बत्तीस हजारांत न सुटलेला डाव किती? एक! क्रमांक ११९८२. तो संगणकालाही सुटला नाही.

एकट्याच्या या डावाने विज्ञानालाही हात दिला. १९४६ साली स्टॅनिस्लाव्ह उलाम हा गणितज्ञ आजारातून उठत होता. वेळ घालवायला तो कॅनफिल्ड नावाचा एकट्याचा डाव मांडायचा. डाव लागण्याची शक्यता किती, हे त्याला कागदावर काढायचं होतं. गणित भयंकर किचकट. मग त्याने विचार केला, सरळ शंभर डाव मांडावेत आणि किती लागले ते मोजावं. त्यातून माँटे कार्लो पद्धत जन्मली. अणूच्या पोटातले हिशेब तिने सोडवले, आणि आज हवामानापासून शेअर बाजारापर्यंत सगळीकडे ती राबते आहे.

आता शेवटची चढण. एकूण मांडण्यांतले ८२ टक्के सुटणारे. म्हणजे सुटू शकणारे डावच ६८ अंकी! ते जगातल्या ८०० कोटी माणसांत सारखे वाटले, तर तुमच्या एकट्याच्या वाट्याला किती येतील? तीन परार्धांचा गुणाकार आणि त्याची ८३ लाख पट. आपल्याकडे चौऱ्याऐंशी लाख योनी सांगितल्या आहेत. त्या सगळ्या फिरून आलात आणि प्रत्येक जन्मी पत्तेच खेळलात, तरी दर जन्माला जवळजवळ परार्ध गुणिले परार्ध गुणिले परार्ध एवढे जिंकता येण्याजोगे डाव शिल्लक! माणसाच्या हाती एवढी संपत्ती दुसरी कुठली आहे? आणि ती बेळगावच्या बंगल्यातल्या माणसाला जेवढी, तेवढीच विडी वळणाऱ्या बाईलाही.

म्हणून हा आनंद फुकटच घ्यावा. रमीत कसबाचा वाटा मोठा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच म्हटलं होतं. पण कसबाच्या नावाखाली मोबाइलवर पैशांचे डाव मांडले गेले, तेव्हा २०२५ मध्ये संसदेला पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा करावा लागला. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे तो सारखाच. एकट्याच्या डावाला पैसा लागतच नाही. समोर कुणी हरत नाही, कुणाचं घर बुडत नाही.

पानं वाटून देणं एवढंच नशिबाचं काम. पुढे रिकाम्या रांगेत कोणता राजा बसवायचा, कोणतं पालथं पान आधी उलटायचं, हातातलं पान कधी थोपवून धरायचं, हे सगळं तुमचं. पुढच्या वेळी डाव अडला की लगेच नवा मांडू नका. चार चाली मागे जा आणि दुसरी वाट धरून बघा. शंभरातल्या ८२ वेळा ती वाट सुरुवातीला तिथे असते.