दुखत नाही तेव्हाच जायचं

रेवसच्या धक्क्यावर येणाऱ्या बाईला भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाठ असतं. ओहोटीला गाळ उघडा पडतो आणि लाँच लागायला अडचण होते, म्हणून घरातली कामं त्या हिशोबानं उरकायची. नवऱ्याचं जेवण, मुलांची शाळा, मासळीचा बाजार, सगळं वेळेवर. स्वतःच्या तपासणीला मात्र या दिवसात जागा नसते. "मला काय झालंय? काही दुखत नाही," असं ती म्हणते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा सगळा घोळ या एका वाक्यात आहे. हा रोग सुरुवातीला दुखतच नाही, आणि तो टाळता येतो तोही तेव्हाच.

रोग कुठून येतो

पिशवीचं तोंड जिथे योनीत उघडतं, ते गर्भाशयमुख. तिथल्या जवळजवळ सगळ्या कर्करोगांच्या मुळाशी एचपीव्ही नावाचा विषाणू असतो. जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी हा संबंध उलगडला आणि त्यासाठी त्यांना २००८ साली नोबेल मिळालं. विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि तो इतका सर्रास आढळतो की बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी त्याची लागण होतेच. बाईच्या वागणुकीवर बोट ठेवायला इथे जागा नाही. लग्नानंतर एकाच माणसाबरोबर संसार केलेल्या बाईलाही तो होतो.

शंभरातल्या नव्वदजणींचं शरीर दोनेक वर्षांत विषाणूला हुसकावून लावतं. काहीजणींत तो ठाण मांडून बसतो, पेशी हळूहळू बदलतात आणि कर्करोग व्हायला साधारण पंधरा ते वीस वर्षं लागतात. एचआयव्हीसारख्या आजारानं प्रतिकारशक्ती खालावली असेल तर हा काळ कमी होतो. एवढी लांब मुदत देणारे कर्करोग थोडेच. तरीही भारतात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना तो होतो आणि सुमारे ऐंशी हजार जणी दगावतात.

मिनिटभराची तपासणी

सरकारी कार्यक्रमानुसार तिशीपासून पासष्टीपर्यंत दर पाच वर्षांनी ही तपासणी व्हायला हवी. बाई टेबलावर पाय दुमडून झोपते. नर्स एका उपकरणानं योनीमार्ग हलकेच उघडते आणि पातळ ॲसिटिक ॲसिडमध्ये बुडवलेला कापूस गर्भाशयमुखाला लावते. हे ॲसिड म्हणजे स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरचाच मुख्य घटक. किंचित चुरचुरतं. मग दिव्याच्या उजेडात एक मिनिट थांबायचं. बिघडलेल्या पेशींत प्रथिनं जास्त असतात, ती ॲसिडनं गोठतात आणि तेवढाच भाग पांढरा दिसतो. गुलाबी पृष्ठभागावर पांढरा चट्टा उठला की पुढची तपासणी करायची. चट्टा म्हणजे कर्करोग नव्हे, हे तिथल्या तिथे बाईला सांगायलाच हवं, नाहीतर ती घाबरून पुन्हा येत नाही. कर्करोगाआधीचा बदल असेल तर बहुतेकदा थंड उपकरणानं तो भाग गोठवतात किंवा गरम उपकरणानं जाळून टाकतात, आणि बाई त्याच दिवशी घरी जाते.

पाळी गेल्यावर तपासायचा भाग आत सरकतो, तेव्हा ही पद्धत कमी भरवशाची ठरते. आणखी दोन तपासण्या आहेत. पॅप तपासणीत पेशी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. एचपीव्ही चाचणी थेट विषाणू शोधते, आणि तिचा नमुना बाईला स्वतःच्या हातानंही घेता येतो. टेबलावर झोपायची लाज वाटणाऱ्या बाईसाठी हे फार मोलाचं आहे.

बार्शी आणि परळ

या तपासण्यांनी खरंच जीव वाचतात का, याचा जगाला मिळालेला एक भक्कम पुरावा मराठी बायकांनी दिला आहे, आणि हे आपल्याकडे पुरेसं सांगितलं जात नाही. १९९९ साली बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयानं, मुंबईत परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांच्यासोबत, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मोठा अभ्यास सुरू केला. ५२ गावसमूह, तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायका. तीन गटांना तीन वेगळ्या तपासण्या, चौथ्याला नेहमीचीच आरोग्यसेवा. आठ वर्षांनी आकडे मांडले तेव्हा आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या रोगानं ३४ मृत्यू झाले होते, आणि तपासणी न झालेल्या गटात ६४. मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियलनं व्हिनेगरची पद्धत वापरली. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक बायकांना चार आठवडे शिकवून तयार केलं, त्यांनी दर दोन वर्षांनी तपासणी केली, आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. म्हणजे हे काम करायला मोठी यंत्रसामग्री किंवा विशेषज्ञच हवा असं नाही. नीट शिकवलेली नर्सताई, दिवा आणि पडदा असलेली खोली एवढं उपकेंद्रातही जमतं. तरीही २०१९-२१च्या राष्ट्रीय पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभरात दोन भारतीय बायकांचीही ही तपासणी झालेली नव्हती. मला या आकड्याची चीड येते.

मुलींची लस

लस नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना द्यायची, विषाणूशी गाठ पडण्याआधी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅक लशीला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं एक डोसही पुरेसा मानला. या निर्णयामागच्या पुराव्यांतही बार्शी आणि पुणे आहेत. २००९ मध्ये देशातल्या काही केंद्रांवर दोन आणि तीन डोसांची तुलना सुरू होती. २०१० मध्ये सरकारनं लशीचे अभ्यास थांबवले आणि जवळपास पाच हजार मुलींचा एकच डोस झाला. दहा वर्षं पाठपुरावा केला, तर तेवढ्यावरही भक्कम संरक्षण दिसलं. स्कॉटलंडमध्ये बारा-तेराव्या वर्षी लस घेतलेल्या मुलींत, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, आक्रमक कर्करोगाचा एकही रुग्ण सापडला नव्हता.

लस आधीच शिरलेला विषाणू घालवत नाही आणि सगळे प्रकार रोखत नाही. लेकीनं लस घेतली तरी तिशीनंतर तिची तपासणी करायचीच.

पांढरं जाणं, लाल जाणं

अंगावरून पांढरं जातं म्हणून कर्करोग होईल, असं घाबरवून पिशवी काढायला लावणं हा मोठा अन्याय आहे. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्या जाण्याचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला, त्यात ही भीती ठळकपणे पुढे आली. पांढरं जाण्याची कारणं बहुतेकदा साध्या संसर्गाची असतात. पण संबंधानंतर रक्त दिसणं, दोन पाळ्यांच्या मध्ये लाल जाणं, पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा डाग पडणं, किंवा दुर्गंधी येणारा पाण्यासारखा स्राव, यांतलं काहीही असेल तर पुढच्या शिबिराची वाट न पाहता डॉक्टरकडे जायचं.

निदान झालं तर

अगदी लवकर सापडला तर शस्त्रक्रियेनं बहुतेकजणी बऱ्या होतात. थोडा पसरलेला असेल तर बाहेरून किरणांचा शेक, सोबत आठवड्याला सिस्प्लॅटिन या कर्करोगावरच्या औषधाचं सलाईन आणि शेवटी आतून शेक असा उपचार असतो. टाटा मेमोरियलच्या २०१८ मधल्या अभ्यासात मधल्या टप्प्यातल्या ज्या बायकांना शेक आणि सलाईन मिळालं, त्यांतल्या शंभरात सुमारे सत्त्याहत्तर जणी पाच वर्षांनी जिवंत आणि रोगमुक्त होत्या. शेक अर्धवट सोडला तर हा फायदा हातचा जातो.

रेवसच्या बाईला पंचवीसेक किलोमीटरवर अलिबागचं जिल्हा रुग्णालय, खाडीपलीकडे भाऊचा धक्का आणि पुढे परळ. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे; रेशनकार्ड आणि आधार पहिल्याच फेरीत न्यावं. उपचारानंतर पहिली दोन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी दाखवायला जावं लागतं, पुढे अंतर वाढत जातं. प्रत्येक फेरीला बायोप्सीचा रिपोर्ट आणि शेकाची नोंद लागते, म्हणून फाइल जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून न्यावी. लाँचच्या कडेला बसलं की खारं पाणी अंगावर येतंच.